साडेसहाशे वॉट आणि आनंद श्रावकाचं व्रत

ग्रँट रोड स्टेशनातून पूर्वेला बाहेर पडलं की थोड्याच अंतरावर लॅमिंग्टन रोड लागतो. पाटीवरचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघांच्याही तोंडी जुनंच नाव. सुटे भाग घेऊन कॉम्प्युटर जोडायचा म्हटलं की मुंबईकराची पावलं आजही इकडे वळतात. इथल्या काउंटरवर शनिवारी दुपारी एक प्रसंग हमखास बघायला मिळतो. बारावीची परीक्षा उरकलेला एक मुलगा, शेजारी त्याचे वडील, आणि मुलाच्या हातात घड्या पडलेला कागद. कागदावर प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, कॅबिनेट अशी यादी असते, प्रत्येकासमोर मॉडेलचं नाव असतं. शेवटच्या ओळीत नुसतं ‘एसएमपीएस’ लिहिलेलं, आणि पुढे प्रश्नचिन्ह.

“कितीचा देऊ?” दुकानदार विचारतो. “साडेपाचशे, साडेसहाशे, साडेआठशे, हजार?”

“हजारच द्या दादा,” मुलगा म्हणतो. “पुढे कार्ड बदललं तर?”

“हजाराचा लावला तर लाईट बिल किती वाढेल हो?” वडील विचारतात.

“बिलाचं सोडा काका. मोठा घेतलेला कधीही बरा.”

तिघांपैकी कुणी चुकीच्या हेतूने बोलत नाही. मुलाला उद्याची आशा आहे, वडिलांना महिनाअखेरीची काळजी आहे, दुकानदाराला गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत यायला नको आहे. पण तिघांनीही मोजलेलं काही नाही. माणसाला किती पुरे, आणि ते ‘पुरे’ ठरवायचं कशावरून, हा प्रश्न या देशात अडीच हजार वर्षं विचारला गेला आहे आणि त्याची उत्तरं बारीक तपशिलात जाऊन दिली गेली आहेत. लॅमिंग्टन रोडच्या काउंटरवर तोच प्रश्न वॉटमध्ये उभा असतो.

आधी वडिलांच्या शंकेचं बघू, कारण तिचं उत्तर सरळ आहे आणि फार थोड्यांना ते नीट सांगितलं जातं. एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटमधली पत्र्याची चौकोनी पेटी. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची एसी वीज ती आत घेते आणि कॉम्प्युटरला लागणारी १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डीसी वीज बाहेर देते. पेटीवर छापलेले ६५० किंवा १००० वॉट म्हणजे ती जास्तीत जास्त किती देऊ शकेल त्याचा आकडा. ती रोज किती खाईल, हे त्या आकड्यावरून कळत नाही. आतलं ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर मागतील तेवढंच ती देते. समजा खेळताना सगळ्या भागांची मिळून गरज ३५० वॉट आहे आणि पेटी ९० टक्के कार्यक्षमतेने चालते आहे, तर मीटरवर साधारण ३९० वॉट पडतात. रोज तीन तास खेळलं तर दिवसाला १.१७ युनिट, महिन्याला ३५ युनिट. पेटी साडेसहाशेची असो नाहीतर हजाराची, फरक काही वॉटचाच. काका निश्चिंत असावेत.

पण इथेच खरा पेच सुरू होतो. हजाराच्या पेटीतून साडेतीनशेच घेतले, तर उरलेले साडेसहाशे वॉट कुठे आहेत? ते पेटीत भरून ठेवलेले नाहीत, तारेतून वाहत नाहीत, मीटरवर उमटत नाहीत. मग ते ‘आहेत’ असं म्हणायचं कशाच्या जोरावर?

हा प्रश्न ग्रीसमध्ये ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात रंगला होता. सॉक्रेटिसचा शिष्य युक्लिडीस याच्या मेगारा शहरातल्या परंपरेचं म्हणणं असं, की एखादी गोष्ट करण्याची क्षमता ती गोष्ट करतानाच असते. गवंडी भिंत बांधतो आहे तोवरच तो गवंडी. थापी खाली ठेवली की बांधण्याची क्षमताही संपली. ॲरिस्टॉटलने ‘मेटाफिजिक्स’च्या नवव्या पुस्तकात याला कडक उत्तर दिलं आहे. तसं असेल तर विश्रांतीनंतर गवंडी पुन्हा कामाला लागतो तेव्हा त्याची कला एका क्षणात कुठून येते? आणि डोळे मिटणारा माणूस दिवसातून कितीदा आंधळा होतो म्हणायचं? ॲरिस्टॉटलसाठी क्षमता आणि कृती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही खऱ्या आहेत. वडिलांनी विचारलेला बिलाचा प्रश्न नेमका हे दोन एक मानल्यामुळे पडतो.

आपल्याकडे हाच वाद अधिक खोल गेला. मीमांसकांनी, विशेषतः प्रभाकराच्या अनुयायांनी, ‘शक्ती’ हा स्वतंत्र पदार्थच मानला. त्यांचा दाखला प्रसिद्ध आहे. विस्तव समोर पेटलेला आहे, पण एक विशिष्ट मणी जवळ ठेवला की तो जाळत नाही. मणी उचलला की पुन्हा जाळतो. विस्तवाचं रूप दोन्ही वेळा तेच दिसतं. मग जे गेलं आणि परत आलं ते काहीतरी डोळ्यांना न दिसणारं असलंच पाहिजे, तीच शक्ती. नैयायिकांना हे मान्य नव्हतं. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त हा युक्तिवाद खोडून काढला. न दिसणारं काही मानायची गरजच काय? जळणं घडायला विस्तव लागतो आणि आड येणारं काही नसावं लागतं. आड येणाऱ्याचा अभाव हासुद्धा कारणांपैकीच एक. मणी ठेवला की तो अभाव राहत नाही, म्हणून जळत नाही. इतकं साधं.

ज्याला पेटी विकत घ्यायची आहे, त्याला नैयायिकांचा पक्ष जास्त उपयोगी पडतो. एकाच आकड्याच्या दोन पेट्या काउंटरवर शेजारी ठेवल्या तर बाहेरून त्यांत फरक दिसत नाही. एक जोराचा खेळ चालू असताना अचानक बंद पडते, दुसरी वर्षानुवर्षं चालते. पहिलीत ‘दम नाही’ असं बाजारात म्हणतात. पण दम नावाची गूढ वस्तू शोधत बसण्यापेक्षा कारणं कोणती आणि आड काय येतं ते शोधावं, म्हणजे लेबल वाचता येतं.

लेबलवर एक तक्ता असतो. बहुतेक गिऱ्हाईकं त्याच्याकडे बघत नाहीत, कारण वरचा मोठा आकडा डोळ्यांत भरतो. त्या तक्त्यात १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिले आहेत हे बघायचं असतं. आजच्या कॉम्प्युटरमध्ये ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर, म्हणजे खाणारी दोन्ही मोठी तोंडं, १२ व्होल्टवरच जगतात. चांगल्या साडेचारशेच्या पेटीवर तिथे ३७ अँपिअर दिसतात; १२ गुणिले ३७, ४४४ वॉट, म्हणजे जवळजवळ सगळी ताकद कामाच्या जागी. पण साडेचारशे वॉट असं ठळक छापून १२ व्होल्टवर जेमतेम १६ अँपिअर देणारी पेटीही असू शकते. १२ गुणिले १६, १९२. बाकीचे वॉट ५ आणि ३.३ व्होल्टच्या खात्यात दाखवून बेरीज जुळवलेली असते. त्या व्होल्टची गरज वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मोठी होती, आता फारच थोडी उरली आहे. बेरीज खरी असते आणि तरी गिऱ्हाईक फसतं.

दुसरी आड येणारी गोष्ट उष्णता. कार्यक्षमतेचं ‘८० प्लस’ हे प्रमाणपत्र २००४ पासून चालत आलं आहे. ब्राँझ, गोल्ड, प्लॅटिनम, टायटेनियम या त्याच्या पायऱ्या आता शाळकरी मुलांनाही पाठ असतात. ही चाचणी २३ अंश सेल्सिअसच्या आसपास होते. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्यात पारा ४५ च्या वर जातो, बंद कॅबिनेटच्या आत तर आणखी वर. उत्तम पेट्या आपली पूर्ण क्षमता ४० किंवा ५० अंशांना देतील असं कंपनी लिहून देते. स्वस्त पेटीच्या बाबतीत हा तपमानाचा उल्लेखच गाळलेला असतो. शिवाय ८० प्लसचं प्रमाणपत्र फक्त कार्यक्षमतेचं आहे. व्होल्टेज किती स्थिर राहतं, संरक्षणाची मंडलं वेळेवर काम करतात का, याबद्दल ते काहीच सांगत नाही. त्यासाठी स्वतंत्र चाचणी करणाऱ्यांचे अहवाल वाचावे लागतात. सायप्रसमधली सायबेनेटिक्स ही संस्था अशा चाचण्या करते. १२ व्होल्टची रेघ ओझ्याखाली किती थरथरते हे ऑसिलोस्कोपवर मोजलं जातं. कॉम्प्युटरच्या पेट्यांसाठी ठरलेल्या एटीएक्स मानकाप्रमाणे ही थरथर १२० मिलिव्होल्टच्या आत राहायला हवी. न्यायशास्त्राच्या भाषेत बोलायचं तर लेबल हे शब्दप्रमाण, आणि शब्दप्रमाण आप्ताचंच, म्हणजे जाणत्या आणि खरं बोलणाऱ्याचंच धरायचं असतं. आप्त कोण हे ठरवण्याची जबाबदारी ऐकणाऱ्यावर असते.

आता मुलाकडे वळू. त्याला हजार का हवेत? ‘पुढे लागले तर’ म्हणून. हा विचार टाकाऊ नाही. जूनमध्ये शाळेचा गणवेश शिवताना आई शिंप्याला वाढत्या अंगाचा शिवायला सांगते, त्यात शहाणपणच असतं. चांगल्या एसएमपीएसला कंपन्या दहा वर्षांची हमी देतात. तेवढ्यात ग्राफिक्स कार्ड दोनदा तरी बदललं जातं. तेव्हा पेटीनं थोडं पुढचं बघावं हे बरोबरच. प्रश्न एवढाच, की अंग वाढतं आहे की नुसती हौस?

आकडे इथे फार बोलके आहेत. एनव्हिडियाच्या सगळ्यात वरच्या कार्डांची भूक बघा: २०२० चं आरटीएक्स ३०९० हे ३५० वॉट, २०२२ चं ४०९० हे ४५० वॉट, जानेवारी २०२५ चं ५०९० हे ५७५ वॉट. पाच वर्षांत २२५ वॉटची वाढ. या रांगेत उभं राहायचं असेल तर हजाराची पेटी लागेलच. ५०९० साठी कंपनीच तसं सांगते. आता मध्यमवर्गीय घरात जे कार्ड येतं त्याच्याकडे बघा. २०१६ चं जीटीएक्स १०६० हे १२० वॉटचं होतं. २०२३ चं आरटीएक्स ४०६० हे ११५ वॉटचं आहे. सात वर्षांत खेळ किती बदलले, चित्रं किती खरी दिसू लागली, आणि कार्डाची भूक पाच वॉटनी कमी झाली. ज्यानं २०१६ मध्ये ‘पुढे लागतील’ म्हणून हजार वॉट घेऊन ठेवले आणि त्याच पायरीवरचं कार्ड घेत राहिला, त्याचे सहाशे-सातशे वॉट कधी जागेच झाले नाहीत.

मग न वापरलेली क्षमता बाळगणं हा परिग्रह, म्हणजे संग्रहाचा दोष, आहे का?

गांधीजींचं उत्तर कठोर होतं. १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून ते आश्रमवासीयांना दर मंगळवारी व्रतांवर पत्रं लिहीत. ती पुढे ‘मंगलप्रभात’ म्हणून छापली गेली. त्यांत अस्तेयाचा अर्थ ते दुसऱ्याची वस्तू न घेण्यापुरता ठेवत नाहीत. ज्याची आज गरज नाही ते घेणं हीसुद्धा त्यांच्या लेखी चोरीच. या मापाने जास्तीचा एकही वॉट दोषाचा ठरेल. मोठ्या पेटीत तांबं जास्त, ॲल्युमिनियम जास्त, कपॅसिटर मोठे. खाणीतून निघालेलं हे सगळं एका बंद पत्र्यात दहा वर्षं निजून राहणार. ही टोचणी खरी आहे आणि ती झटकून टाकू नये. पण आश्रमवासीयाचं माप गृहस्थाला जसंच्या तसं लावता येत नाही, आणि हे जैन आचार्यांनी मान्य केलं होतं.

जैन परंपरेत साधूसाठी अपरिग्रह हे महाव्रत आहे: काहीच बाळगायचं नाही. श्रावकासाठी, म्हणजे गृहस्थासाठी, पाचवं अणुव्रत आहे ‘परिग्रह-परिमाण’. त्यात ‘इतकंच ठेव’ असा आकडा बाहेरून सांगितलेला नाही. आपलं माप ज्याचं त्यानं मोजून ठरवायचं, ते जाहीर करायचं आणि मग ओलांडायचं नाही. देशातल्या सर्व राज्यांत महाराष्ट्रात जैनांची वस्ती सर्वाधिक आहे, २०११ च्या जनगणनेत सुमारे १४ लाख. सांगली-कोल्हापूरकडे पिढ्यानपिढ्या मराठी बोलणारी जैन घरं आहेत. त्यांना हे व्रत नवं नाही. इतरांना मात्र अपरिग्रह म्हणजे कमीत कमी ठेवणं असंच वाटतं.

‘उपासकदशा’ या जैन आगमात आनंद श्रावकाची कथा आहे. वैशालीजवळच्या वाणिज्यग्रामात राहणारा हा गृहस्थ. त्यानं महावीरांसमोर श्रावकाची व्रतं घेतली तेव्हाची यादी वाचण्यासारखी आहे. चार कोटी सुवर्णमुद्रा ठेव्यात, चार कोटी व्याजबट्ट्यात, चार कोटी घरसंसारात. दहा-दहा हजार गुरांचे चार कळप. पाचशे नांगरांची जमीन. पाचशे गाड्या दूरच्या वाहतुकीला आणि पाचशे जवळच्या. यापलीकडे काही नाही, असं त्यानं ठरवलं. एवढी संपत्ती मोजून झाल्यावर यादी थांबत नाही. अंघोळीला आठ घडे पाणी. दात घासायला ओल्या ज्येष्ठमधाची काडी, दुसरी कोणतीही नाही. बारा कोटींचा धनी आपल्या दातवणापर्यंत माप घेऊन आला होता.

या कथेत ज्याचं नवल वाटावं ते हेच, की आनंद श्रावकाचे आकडे लहान नाहीत. तो गरीब झाला नाही, त्यानं गुरं वाटून टाकली नाहीत. आपल्याकडे काय आहे आणि आपल्याला काय लागतं याचा तपशीलवार हिशेब त्यानं केला आणि त्या हिशेबाला बांधून घेतलं. उमास्वातींनी ‘तत्त्वार्थसूत्रा’त परिग्रहाची व्याख्या ‘मूर्च्छा’ या एका शब्दात बसवली आहे. वस्तू किती, यापेक्षा मन तिच्यावर किती गुंगलं आहे, हे तिथे पाहिलं जातं. म्हणूनच या व्रतातल्या पळवाटांवरही टीकाकारांनी बोट ठेवलं. शेतांची संख्या ठरवली असेल आणि मधला बांध मोडून दोन शेतांचं एक केलं, तर आकडा पाळला जातो पण व्रत मोडतं. साडेचारशे वॉटचं लेबल लावून कामाच्या जागी १९२ वॉट देणाऱ्या पेटीत हाच बांध मोडलेला असतो.

परिमाण ठरवायचं तर मोजावं लागतं. ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ असं आपण म्हणतो. इथे पाय मोजून अंथरूण विकत घ्यायचं आहे. त्या मुलाच्या कागदावर आरटीएक्स ४०७० हे कार्ड आहे असं धरू. त्याचे २०० वॉट. प्रोसेसर रायझन ५ ७६००. खोक्यावर ६५ वॉट लिहिलेलं असतं, पण जोरात चालताना त्याची मर्यादा ८८ वॉटची आहे. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे, कीबोर्ड-माऊस मिळून ६० धरा. बेरीज ३४८. एनव्हिडिया या कार्डासाठी साडेसहाशेची पेटी सुचवते. मग उरलेले ३०० वॉट कशाला? कंपनीला खरेदीदाराचा प्रोसेसर माहीत नसतो, पेटीचा दर्जा माहीत नसतो, घरातलं तपमान माहीत नसतं. त्या सगळ्या न कळणाऱ्या गोष्टींची तरतूद त्या आकड्यात आहे. म्हणजे तो आकडा ‘कुणाही’साठी आहे. आपला हिशेब आपल्यासाठी करायचा असतो.

तरीही या तीनशेंपैकी मोठा वाटा खऱ्या गरजेचा आहे, आणि इथे थोडं थांबायला हवं. ग्राफिक्स कार्ड सरासरी २०० वॉट घेत असलं तरी क्षणाक्षणाला तसं वागत नाही. पडद्यावर स्फोट झाला, दृश्य बदललं, की सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती त्याची मागणी कितीतरी वर उसळते आणि पुन्हा खाली येते. साध्या मीटरवर हे दिसतही नाही. २०२० नंतर ही उसळी इतकी वाढली, की कागदावर पुरेशा ताकदीच्या पेट्याही तिला घाबरून बंद पडू लागल्या. पेटीच्या संरक्षक मंडलाला वाटे कुठेतरी शॉर्ट झालं. म्हणून २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात नवी अट आली: नव्या १६ पिनांच्या जोडणीच्या मोठ्या पेट्यांनी आपल्या क्षमतेच्या दुप्पट मागणी १०० मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहा हजारावा भाग, सोसायला हवी. जुन्या पेटीला ही शिकवण नाही. तिथे जास्तीचे वॉट हाच आधार.

दुसरी तरतूद काळाची. घरातले दिवे क्षणभर लुकलुकतात आणि पुन्हा नीट होतात, तरी कॉम्प्युटर चालूच राहतो, हे अनेकांनी पाहिलेलं असतं. पेटीतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज तेवढा वेळ काढते. एटीएक्स ३.० च्या मानकाप्रमाणे ८० टक्के ओझ्याखाली हा वेळ निदान १७ मिलिसेकंद हवा. आपली वीज ५० हर्ट्झची, तिचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. म्हणजे जवळजवळ एक अख्खं आवर्तन गायब झालं तरी आतल्या भागांना कळू द्यायचं नाही. तेवढ्या वेळात यूपीएस जागा होतो. कपॅसिटर वर्षागणिक सुकत जातात, हा साठा कमी होत जातो, आणि पेटी ओझ्यानं जितकी दबलेली तितका तो लवकर संपतो. संग्रहाला सरसकट दोष देणाऱ्यानं या १७ मिलिसेकंदांचा विचार करावा. ज्याचं कारण सांगता येतं आणि ज्याचं माप ठरलेलं आहे, तो साठा मूर्च्छेत येत नाही.

(यूपीएसचा विषय निघालाच आहे तर: बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस सुमारे ३६० वॉटच देतो. वरच्या हिशेबातला कॉम्प्युटर, मॉनिटर धरून, त्याला पेलणार नाही. पेटीवर खर्च करताना हे विसरलं जातं.)

दुकानदाराचं ‘मोठा घेतलेला कधीही बरा’ हे वाक्य भीतीतून आलेलं आहे, आणि त्या भीतीची नीट दखल घ्यायला हवी, कारण पेट्या खरोखर जळल्या आहेत. २०२१ मध्ये गिगाबाइट कंपनीच्या साडेसातशे आणि साडेआठशे वॉटच्या दोन मॉडेलांबद्दल तक्रारी आल्या, परीक्षकांच्या टेबलावर त्या पेट्या ठिणगी टाकून मेल्या. ऑगस्टमध्ये कंपनीनं निवेदन काढलं. जास्तीच्या ओझ्याला पेटी आपोआप बंद करणारं संरक्षण क्षमतेच्या १२० ते १५० टक्क्यांवर ठेवलेलं होतं, ते आता ११० ते १२० टक्क्यांवर आणलं असं त्यात सांगितलं होतं. साडेसातशेची पेटी आधी ११२५ वॉटपर्यंत ‘नाही’ म्हणत नव्हती. या पेट्या लहान नव्हत्या. त्यांच्या आत ‘पुरे’ म्हणण्याची रेघ फार लांब ओढलेली होती. आनंद श्रावकाच्या व्रताचं मोल सांगायला याहून चांगला दाखला कारखान्यातून मिळणार नाही.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, ४०९० कार्डांच्या नव्या १६ पिनांच्या जोडण्या वितळल्याची छायाचित्रं येऊ लागली. जगभरातून पन्नासेक प्रकरणं आपल्याकडे आल्याचं एनव्हिडियानं नोव्हेंबरमध्ये सांगितलं. प्लग शेवटपर्यंत न बसणं हे त्यांच्या तपासात पुढे आलेलं मुख्य कारण होतं. या जोडणीतून ६०० वॉट जायचे, म्हणजे १२ व्होल्टवर ५० अँपिअर, सहा पिनांत वाटलेले. दोन-तीन मिलिमीटरची फट राहिली की संपर्क कमी, तिथे उष्णता जास्त. त्या घरांमध्ये हजाराऐवजी पंधराशेची पेटी असती तरी हेच झालं असतं. भीतीला मोठा आकडा घेतल्यानं बरं वाटतं, पण धोका बहुधा आकड्यात नसतोच. तो प्लगच्या टोकाशी, कपॅसिटरच्या दर्जात, पंख्याच्या जाळीवर साचलेल्या धुळीत असतो. पैसे मोजकेच असतील तर साडेआठशेच्या सुमार पेटीपेक्षा साडेसहाशेची उत्तम पेटी घ्यावी. इथे दोन मतांना जागा नाही.

फार मोठी पेटी घेण्यात एक छोटं नुकसानही आहे. ८० प्लसच्या बहुतेक पायऱ्यांवर कार्यक्षमता निम्म्या ओझ्याला सर्वांत जास्त असते. गोल्डची पेटी ११५ व्होल्टच्या चाचणीत २० टक्के ओझ्याला निदान ८७, निम्म्याला ९० आणि पूर्ण ओझ्याला पुन्हा ८७ टक्के द्यायला बांधलेली असते. साडेसहाशेच्या पेटीवर ३४८ वॉटचं ओझं म्हणजे ५४ टक्के, अगदी तिच्या सुखाच्या जागी. पंखाही शांत असतो. हजाराच्या पेटीवर मुलगा नुसता अभ्यासाचे व्हिडिओ बघत बसला तर ओझं पाच-सहा टक्के, आणि तिथे कार्यक्षमता किती असावी याची अट वर सांगितलेल्या पायऱ्यांपैकी टायटेनियम वगळता एकीतही नाही. टायटेनियमलाही ती १० टक्के ओझ्यापासून पुढेच लागू होते. नुकसान काही वॉटचंच, पण रोजचं.

तेव्हा काउंटरवर उभ्या असलेल्या त्या घरानं दुकानदाराकडे पेन मागून कागद उलटा करावा. ४०७० चे २००, प्रोसेसरचे ८८, बाकीचे ६०. बेरजेची दीडपट केली की ५२२ येतात; उन्हाळा, कपॅसिटरचं वय आणि पुढचं एक कार्ड धरलं की साडेसहाशे. पुढे खरोखरच ५०९० घ्यायचं पक्कं असेल, पैसे बाजूला काढलेले असतील, तर हजार घ्यावेत, त्यात अपराधी वाटण्याचं कारण नाही. नसेल तर वाचलेले पैसे यूपीएसला किंवा मोठ्या एसएसडीला लावावेत. आणि पेटी हातात आली की वरचा मोठा आकडा सोडून आधी तक्त्यातली १२ व्होल्टची ओळ वाचावी. साडेसहाशेच्या खऱ्या पेटीवर तिथे ५४ अँपिअर लिहिलेले असतात.